बांगड्या वाजत नव्हत्या

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातल्या धवलारणीवर. यंदाच्या माघात, तिच्या नातीच्या हळदीआधीच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. जागा म्हणजे उरणच्या बाजूच्या गावातलं माझं घर, मागची खोली. करणारी मी. वेळ इतकी नेमकी सांगता येते कारण ती मला लक्षात ठेवावी लागली नाही. रेकॉर्डिंगच्या फाइलीवर ती आपोआप पडते.

मी आंदोलनांची पत्रकं लिहिते. मोर्चाच्या आदल्या दिवशी गावातून रिक्षा फिरते, तिच्यावरची घोषणाही माझ्याच आवाजात असते. तेवढ्यासाठी मी एक माइक आणि एक जुना ऑडिओ इंटरफेस घेतला. इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधला वहीएवढा डबा. आवाज आत घेतो आणि लॅपटॉपला कळेल असा करून देतो. मागच्या खोलीच्या खिडकीला मी गोधडी ठोकली, भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर आमच्या दारावरून जातात, त्यांचा आवाज थोडा कमी होतो. बंद होत नाही.

धवलारीण कोण, हे बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडच्या लग्नात तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतो. ‘आता तांदूळ टाका’ असं ती कोणाला सांगत नाही. गाण्यात तांदळाची ओळ येते आणि बायका तांदूळ टाकतात. हळदीची ओळ आली की हळद लागते. या गाण्यांना धवले म्हणतात. सुरुवात गावदेवापासून, मग दर्या, मग कुळाचे देव, मग बाकीचं. आणि एक नियम आहे: धवला मधे तुटला तर तुटलेल्या जागेवरून धरायचा नाही. देव पुन्हा पहिल्यापासून बोलवायचे.

मावशींचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांना मी लहानपणापासून मावशीच म्हणते. या दिवाळीत त्यांच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरने सांगितलं की सलग गाणं अर्ध्या-पाऊण तासावर नको, रोज तर नकोच. हळदीला धवले तासन् तास चालतात. सगळ्या गावाच्या पोरी त्यांनी हळदीला बसवल्या आणि आता स्वतःच्या नातीची हळद शनिवारी होती. ती मुक्याने होणार, नाहीतर बेंजोवर. नातीनेच मला विचारलं, “ताई, तू रेकॉर्ड करशील का? देवांची नावं आजी मांडवात घेईल. पुढचं स्पीकरवर लावू.”

मावशी आधी नाही म्हणाल्या. लग्न नसताना धवला गात नाहीत. मग त्यांनीच वाट काढली. मंगळवारी सकाळी येताना सूप आणलं, त्यात तांदूळ, हळकुंड, नारळ. खोलीत दिवा लावला. माइककडे बघून म्हणाल्या, “हा नवरा की नवरी?”

“आजी, तो माइक हाय,” बरोबर आलेली नात म्हणाली.

“माहीत हाय गो. कोनाला तरी हलद लावल्यासारखा गावाला लागल ना?”

पहिल्यांदा त्या वीसेक मिनिटं गायल्या. मी हेडफोन लावून बसले होते. आवाज खोल, थोडा फाटलेला, पण ओळ खाली पडू देत नव्हत्या. आणि मधूनच टिक. काचेला काच लागावी तसा बारीक आवाज. मी हात वर करून थांबवलं. थांबवलं म्हणजे धवला तोडला. देव पुन्हा पहिल्यापासून.

“मावशी, बांगड्या वाजतात.”

त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. सहा हिरव्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा.

दुसऱ्यांदा नातीने मनगटाला ओला पंचा गुंडाळला. मधल्या वेळात मी पहिल्या गाण्यातला दोन मिनिटांचा तुकडा तिच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं: ‘आजीच्या बांगड्यांचा आवाज येतोय, पुन्हा घेतोय.’ हे वाक्य लक्षात ठेवा. तिने तो तुकडा कौतुकाने स्टेटसला ठेवला.

दुसऱ्या वेळी दहा मिनिटांतच टिक आली. पंच्यातूनही. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ओल्या पंच्यात बांधलेली काच तितक्याच खणखणीत कशी वाजेल? पण मी डब्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. डब्यावर हिरवा दिवा होता. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

“मावशी, बांगड्या काढता का? अर्ध्या तासापुरत्या.”

ट्रेलर गेला.

“ताई, काय बोलतेस तुला कळतं का?” नात म्हणाली. “आजोबा बोटीवर हायेत.”

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कोळीवाड्यापासून दोनशे पावलांवर मी वाढले. जुन्या कोळणी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याच्या राखणीसाठी. डाव्या हातातल्या राहतात. म्हणजे त्यांच्याजवळ आधीच निम्म्या उरलेल्या असतात. आणि नवरा दर्यात असताना त्या हाताला कोणी हात लावत नाही. मावशींचे यजमान मुलाबरोबर रविवारी बोट घेऊन गेले होते, बुधवारी परतायचे होते.

“अगं, तात्पुरतं आहे,” मी म्हणाले.

हे वाक्य मी प्रकल्पांच्या सुनावणीत टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा ऐकलंय. रस्ता तात्पुरता बंद, जेटी तात्पुरती हलवतोय. त्या दिवशी ते माझ्या तोंडात होतं आणि मला ते ओळखू आलं नाही.

मावशी म्हणाल्या, “‘काढा’ नको बोलू गो. दिवा लागलाय.” मग मनगटावरचा पंचा सोडत, “मोरीन साबन हाय काय?”

बर्फात आणि टोपलीत आयुष्य गेलेला हात. सांधे सुजलेले. साबण लावून एकेक बांगडी उतरत होती. पाच उतरल्या. सहावी वाढली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. मनगटावर बारीक रक्ताची रेघ आली, मावशींनी तिच्यावर हळद दाबली. नातीने मोरीतले तुकडे वेचले. पाच बांगड्या सुपातल्या तांदळावर ठेवल्या. मावशींनी पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाल्या, “लाव तुझा डबा.”

अकरा वाजून दहा मिनिटं.

या वेळी मी थांबवलं नाही. त्या पंचवीस मिनिटं गायल्या, शेवटी शेवटी ओळीच्या मधे श्वास घ्यायला लागल्या, तेव्हा नातीनेच हात धरून थांबवलं. हेडफोनमध्ये टिक होतीच. तशीच. तितक्याच अंतराने.

“आली काय नीट?”

“थोडी खरखर आहे, मावशी. मी काढते नंतर.”

“मना दे.” त्यांनी हेडफोन मागून घेतले, पदरावरून कानाला लावले, डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. मग काढून माझ्या मांडीवर ठेवले.

“बाय, या माझ्या बांगड्या नाय. माझ्या त्या सुपान हायेत. माझी काच अशी वाजत नाय. हा कोनतरी नखान डबा वाजवतंय.”

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

“आथा शुक्रवारी. एकदाच. माझा दम एकदाच पुरल. तवर तुझा डबा बघ.”

त्या गेल्या तेव्हा पाच बांगड्या नातीच्या रुमालात होत्या. साबण लावूनही त्या परत चढल्या नाहीत, हात सुजला होता. नवीन भरायला कासाराकडे जावं लागणार होतं आणि कासाराचं दुकान मंगळवारी बंद.

मग मी जे केलं ते दोन मिनिटांचं काम आहे. माइक चालू ठेवला, खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, परत येऊन ऐकलं. रिकामी खोली. लांबचा ट्रेलर. टिक. ट्रेलर गेला. टिक. घड्याळ लावून पाहिलं तर दोन टिकांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं होतं. माणसाचा हात असा हलत नाही. हे मी सोमवारी करायला हवं होतं, किंवा पहिल्या टिकेनंतर. मी एका म्हातारीला तीनदा गायला लावलं, तिचा हात साबणाने सोलला, आणि रिकाम्या खोलीला दोन मिनिटं दिली नाहीत.

खाडीत भराव पडतो आणि मासळी कमी होते, तेव्हा चौकशीला आलेला माणूस आधी कोळ्याला विचारतो, ‘तुमच्या जाळ्याचा डोळा बारीक आहे का? त्यात पिल्लं मरतात का?’ यावर मी चार पत्रकं लिहिली आहेत. चारही रागाची आहेत. चारही मी त्याच खोलीत लिहिली.

मंगळवारची उरलेली दुपार मी वायर बदलण्यात घालवली. दुसरी वायर, लॅपटॉपचं दुसरं भोक, फ्रिज बंद, पंखा बंद, वायफाय बंद. टिक राहिली. संध्याकाळी सेटिंगमध्ये शिरले तेव्हा दिसलं की ड्रायव्हरचं नावच बदललंय. ड्रायव्हर म्हणजे डब्याची भाषा लॅपटॉपला समजावणारा दुभाषी, एक छोटा प्रोग्रॅम. सोमवारी लॅपटॉपने स्वतःहून अपडेट घेतला होता. त्यात डब्याच्या कंपनीचा दुभाषी हाकलून दिला आणि आपला सरसकट सगळ्यांना चालणारा बसवला. मला विचारलं नाही. सकाळी पडद्यावर ‘सर्व काही तयार आहे’ असं आलं होतं, ते मी वाचलंही होतं. नवीन दुभाषी एका वेगाने बोलत होता, माझा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम दुसऱ्या वेगाने ऐकत होता. ठरावीक वेळाने दोघांची चुकामूक व्हायची आणि आवाजाचा बारीक तुकडा गळायचा. गळण्याचा आवाज म्हणजे ती टिक.

वेग जुळवून पाहिला. टिक लांबली, गेली नाही. जुना ड्रायव्हरच हवा होता.

बुधवारी कंपनीच्या साइटवर गेले. माझ्या डब्याच्या नावापुढे लिहिलेलं, हे मॉडेल आता आमच्या यादीत नाही. डाउनलोडचं बटण काढून टाकलेलं. चॅटवर कोणीतरी आलं. त्याने सल्ला दिला की नवीन मॉडेल घ्या. मी लिहिलं, डबा धडधाकट आहे, तुम्ही त्याच्याशी बोलणं सोडलंय. उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी लिहिलं, शुक्रवारी एक बाई गाणार आहे आणि तिला एकदाच गाता येणार आहे. उत्तर आलं, आणखी काही मदत हवी आहे का? मग खिडकी बंद झाली.

त्याच दिवशी बोट यायची होती. आली नाही.

गुरुवारी सकाळी मी बेंजोवाल्याकडे गेले. आमच्या पाच-सात गावांत हळदीला त्याचीच बेंजो पार्टी असते. त्याच्याकडे पूर्वी माझ्यासारखाच डबा होता. तो पत्र्याच्या शेडमध्ये कीबोर्डवरची धूळ झटकत होता.

“काय गो पत्रकवाली, आज कोनाच्या विरोधात?”

“लॅपटॉपच्या.”

“मग काढ मोर्चा. माझी रिक्षा ने.”

मी ड्रायव्हरचं सांगितलं. त्याने कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकखालचा जाडजूड कॉम्प्युटर दाखवला. “ह्यो आनला त्या दिवसापासून नेटला लावला न्हाय. नेट लागला का ह्यो शाना व्हतो. शाना झाला का हलद बंद.” मग विचारलं, “कोनाचा गाना हाय?”

मी सांगितलं. त्या कॉम्प्युटरमधला जुना ड्रायव्हर त्याने पेनड्राइव्हवर उतरवला.

“माझ्या हलदीला तीच होती. मंग माझा बेंजो आला न तिचा काम निम्मा झाला.” पेनड्राइव्ह माझ्याकडे दिला. “न शनिवारी स्पीकर माझा लाव. तुझ्या त्या रिक्षाच्या भोंग्यावर नको लावू तिला.”

घरी येऊन मी लॅपटॉपचा नवा ड्रायव्हर उपटला, जुना घातला. लॅपटॉपने तीनदा विचारलं, नक्की का, हा सुरक्षित नाही. त्याला सोमवारी विचारायचं सुचलं नव्हतं. आपोआप अपडेट बंद केले, वायफाय काढलं, दोन्हीकडचे वेग सारखे केले, आणि रिकाम्या खोलीचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलं. चाळीसच्या चाळीस मिनिटं बसून ऐकलं. ट्रेलर, कावळा, आईचा कुकर. टिक नाही.

ऐकत असतानाच दुपारी बोट आली. गिअरबॉक्स गेला होता, दुसऱ्या बोटीने दोर बांधून आणली. सगळे सुखरूप. त्या एका दिवसाचा आणि माझा संबंध नाही हे मला कळतं. पण मंगळवारपासून गुरुवारपर्यंत, हाताची सूज उतरेपर्यंत, मावशी रिकाम्या हाताने घरात होत्या. आजूबाजूच्या बायकांनी हात पाहिला असणार. काय बोलल्या असतील, ते नातीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शुक्रवारी मावशी आल्या तेव्हा डाव्या हातात सहा नवीन बांगड्या होत्या. सूप, तांदूळ, दिवा. मांडी घालून बसल्या आणि हात माझ्यापुढे धरून खळकन हलवला.

“आथा वाजतील हां.”

“वाजू देत, मावशी.”

“मंग परत बोलशील.”

“नाही बोलणार. चूक माझी होती. डब्याची होती आणि डबा माझा होता. तुम्हाला मी बांगड्यांना हात लावायला सांगायला नको होतं.”

“तो आला ना दर्यातून,” त्या म्हणाल्या. “नसता आला तर तुना काय म्हटला असता, मना माहीत नाय.” आणि गावदेवाचं नाव घेतलं. गाणं सुरू झालं होतं, मला आणखी काही बोलायची सोय राहिली नाही.

अडतीस मिनिटं. तीन ठिकाणी दम लागला. तिन्ही ठिकाणी त्यांनी ओळ हळू केली, सोडली नाही. नात दाराशी पाठ टेकून बसली होती. संपल्यावर मावशींनी आधी पाणी मागितलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या ऐकू येतात. तांदळाच्या ओळीला त्या मूठ भरायच्या, तिथे. तो आवाज पसरट आहे, पाण्यासारखा; येतो आणि विरतो. मंगळवारच्या टिकेशी त्याचं काहीही साम्य नाही. ज्याला कान आहे त्याला एकदा ऐकून कळेल. मला कान होता. मी वापरला नाही.

शनिवारी मांडवात मावशींनी देवांची नावं स्वतः घेतली आणि थांबल्या. बेंजोवाल्याने स्पीकर चालू केला. तांदळाची ओळ आली आणि बायकांनी, कोणी न सांगता, तांदूळ टाकले. हळदीची ओळ आली, नातीला हळद लागली. मावशी स्वतःचा आवाज ऐकत बाजूला बसल्या होत्या, ओठ हलत होते. एवढ्यासाठी सगळं होतं आणि ते झालं.

पण नवऱ्याकडची एक बाई दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, “ह्याच ना त्या बांगड्यावाल्या? आमच्या ग्रुपवर आलेल्या.” आणि हसली. मावशींनी ऐकलं.

नातीच्या स्टेटसवरून तो मंगळवारचा तुकडा उचलला गेला होता. माझ्या वाक्यासकट. एका गावच्या ग्रुपवरून दुसऱ्या. नातीने तो लगेच काढला, मी माझ्याकडचा काढला, पण तो आता आमच्या हातात नाही. फाल्गुनात पलीकडच्या गावाहून मावशींना बोलावणं आलं. देवांची नावं घेण्यापुरतं त्या अजून जातात. सुपारी घेऊन आलेल्या माणसाने पाटावर बसून, अगदी अदबीने सांगितलं, “मावशी, फक्त तेवढं बांगड्यांचं बघा. व्हिडिओ काढनार हायेत.” मावशींनी सुपारी परत दिली. “बांगड्या नको तर मी पन नको,” म्हणाल्या. पन्नास वर्षांत त्यांनी परत दिलेली ती पहिली सुपारी.

म्हणून हे लिहिलं. चूक मी एका ओळीत केली, ती एका ओळीत पुसली जात नाही.

तुम्ही उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या ग्रुपवर असाल तर आत्ता फोन उघडा. दोन मिनिटांचा धवला, खाली ‘आजीच्या बांगड्यांचा आवाज येतोय’ असं लिहिलेलं. तो खोडा. ज्यांना पुढे पाठवलात त्यांना स्वतः कळवा की बांगड्या वाजत नव्हत्या, ते यंत्र होतं, आणि यंत्र न तपासता म्हातारीच्या हाताला दोष देणारी बाई हे कबूल करते. शुक्रवारचं पूर्ण गाणं नातीकडे मागा, तिच्या आजीला विचारून ती देईल. आणि पलीकडच्या गावचे ते गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांनी तीच सुपारी घेऊन पुन्हा मावशींच्या दारात जावं आणि या वेळी कुठलीही अट न घालता बोलवावं.